पिकते तिथे पानात पडते का?

महाराष्ट्रात कळंब नावाची गावे बरीच आहेत. धाराशिव जिल्ह्यातले कळंब आणि यवतमाळ जिल्ह्यातले कळंब ही तर तालुक्याची ठिकाणे. या पुस्तकातले कळंब त्यांच्याहून लहान. पुण्याहून नाशिककडे जाताना मंचर मागे पडले, की नारायणगाव येण्याआधी घोड नदीच्या काठी ते लागते. तालुका आंबेगाव, थोडे पुढे गेले की जुन्नरची हद्द. एसटीच्या खिडकीतून दिसतात ती रस्त्याकडेची दुकाने, उसाचे ट्रॅक्टर आणि तरकारीने भरलेले टेम्पो. विद्यापीठात सामुदायिक पोषण शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याने एकदा तरी या थांब्यावर उतरावे, असा या पुस्तकाचा आग्रह आहे. त्या आग्रहाची कारणे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पहिले कारण गावाच्या जागेतच आहे. महामार्गाच्या आसपासचा पट्टा बागायती. डिंभे धरणाचे पाणी आले आणि बाजरीच्या रानात ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आली. जोडीला गोठ्यात संकरित गाई आल्या. पश्चिमेला घोडेगाव ओलांडून डिंभ्याकडे, भीमाशंकरकडे चढायला लागलो, की चित्र पालटते. तिथे भाताची खाचरे, नाचणी, वरई, हिरड्याची झाडे. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या. पाऊस धो धो, पण उन्हाळ्यात हंड्यांची रांग. पावसाळी शेती संपली की डोंगरातली माणसे कामासाठी खाली उतरतात आणि बागायतदाराच्या रानात खुरपणी, तोडणी करतात. नारायणगावचा मजूर बाजार याच उतरंडीवर भरतो. दोन वेगळ्या अन्नव्यवस्था इतक्या जवळ, रोज एकमेकींना भेटताना पाहायला मिळणे हे अभ्यासकाचे भाग्य.

दुसरे कारण एका प्रश्नाचे आहे. ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण आपल्याला पाठ आहे. या पट्ट्याने ती खोटी पाडली. इथे पिकते ते सगळे विकते. संध्याकाळी तोडलेली मेथीची जुडी पहाटे मुंबईच्या बाजारात असते आणि सकाळचे दूध अंधारातच संकलन केंद्रावर पोचलेले असते. पैसा घरात येतो, घर पक्के होते, मुलांची शाळा होते. यात वाईट काही नाही. पोषणाचा विद्यार्थी मात्र म्हण थोडी बदलून विचारतो: पिकते तिथे पानात पडते का? ज्या घरचे दूध डेअरीला गेले, त्या घरच्या दोन वर्षांच्या पोराने सकाळी दूध प्यायले, की चहात बटर बुडवून खाल्ले? मेथी तोडायला आलेल्या बाईच्या भाकरीबरोबर मेथी होती, की ठेचा? या प्रश्नाचे उत्तर घरात बसून देता येत नाही. ते शोधण्याची शिस्त म्हणजेच हा विषय.

या विषयाची आहारशास्त्राशी गल्लत फार होते. मधुमेहाच्या रुग्णाने काय खावे हे सांगणारा आहारतज्ज्ञ एका माणसाकडे पाहतो. सामुदायिक पोषणाचा अभ्यासक वाडीकडे पाहतो. एका मुलाचे वजन का वाढत नाही, यापेक्षा त्याच वस्तीतल्या अनेक मुलांचे का वाढत नाही आणि शेजारच्या वस्तीतल्यांचे का वाढते, हे त्याचे कोडे. युनिसेफने १९९० साली कुपोषणाच्या कारणांची जी तीन थरांची मांडणी केली, ती आजही या विषयाची बाराखडी आहे. वरच्या थरात अपुरा आहार आणि आजार. त्याखाली घरातली अन्नाची उपलब्धता, मुलाची देखभाल, पाणी, स्वच्छता, दवाखाना. तळाशी जमीन, मजुरी, शिक्षण, सत्ता. कळंबच्या एखाद्या वस्तीवर हे थर उकलून पाहा. मूल हगवणीने खंगले, हा वरचा थर. हगवण पाण्यामुळे लागली. आई दिवसभर खुरपणीला आणि मूल पाच वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, हा मधला. आईला बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर जावे लागले, कारण मजुरीचा खाडा परवडत नव्हता, हा तळचा. टॉनिकची बाटली वरच्या थरालाही नीट पुरत नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

या शास्त्राचा इतिहास परका नाही, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. भारतातले पोषण संशोधन १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर इथे, रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांच्या बेरीबेरीवरच्या छोट्या प्रयोगशाळेत सुरू झाले. १९३७ मध्ये तिथूनच एक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके काढली. डॉ. विनायक नारायण पटवर्धन संचालक असताना, १९५८ साली, ही संस्था हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. कमला सोहोनी यांचे नाव तर प्रत्येक विद्यार्थिनीला ठाऊक असायला हवे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना आत शिरल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतल्या आणि कुन्नूर, मुंबई इथे काम करताना कडधान्ये, नीरा अशा गरिबाला परवडणाऱ्या पदार्थांकडे वळल्या. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत कुठले अन्न जाते, यावरूनही संशोधकाची बाजू कळते.

पुण्यात तर या विषयातला एक मोठा वाद रंगला. १९७१ साली गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. त्या रेषेखाली १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेतली वीस वर्षांची नोकरी संपवून पुण्यात परतले होते. संख्याशास्त्रज्ञाच्या नजरेने ते म्हणाले, निरोगी माणसाचे खाणेही रोज सारखे नसते. शरीर काही मर्यादेत कमीजास्त अन्नाशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असे मोजले, तर भुकेल्यांचा आकडा फुगतो. शिवाय पाणी घाण असेल, जंत आणि जुलाब पाठ सोडत नसतील, तर पोटात गेलेले अन्नही अंगी लागत नाही. दांडेकरांना हे पटले नाही. रेषा खाली ओढली तर खरे उपाशीही हिशेबातून निसटतील, ही भीती त्या मतभेदाच्या मुळाशी होती. दोघेही पुण्यात, दोघांच्या संस्था एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर, आणि लेखणी वर्षानुवर्षे चालू.

हा वाद या पुस्तकात सविस्तर घेतला आहे, कारण त्यातून विद्यार्थ्याला दोन गोष्टी मिळतात. एक, ‘किती अन्न पुरेसे’ हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. आकड्यामागे नेहमी कुणीतरी ठरवलेली रेषा असते. दोन, सुखात्म्यांचा पाण्याविषयीचा मुद्दा आणि दांडेकरांचा क्रयशक्तीचा मुद्दा गावात गेल्यावर एकमेकांशी भांडत नाहीत. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, दोन्ही खरे ठरतात.

पुण्यातले आणखी एक काम तुलनेने अलीकडचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. या बायका शेतात राबणाऱ्या, गरोदरपणाआधी सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मली सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली. ही बाळे सगळ्याच बाबतींत विलायती बाळांपेक्षा लहान होती, पण स्नायू जितके कमी तितकी चरबी कमी नव्हती. हडकुळ्या दिसणाऱ्या बाळाच्या अंगात चरबी राखलेली होती. ‘बारीक पण चरबीयुक्त बाळ’ ही कल्पना इथून जगभर गेली. पुढच्या मधुमेहाची बीजे आईच्या पोटात पडतात की काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला कळंबच्या थांब्यावर हटकून आठवतो. आगरकर संशोधन संस्थेतल्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी या बायकांच्या आहाराचा बाळाच्या आकाराशी संबंध तपासला. एकूण कॅलरी आणि प्रथिने यांचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा येतात याच्याशी. ज्या बायका ती वारंवार खात, त्यांची बाळे मोठी. पुढे याच बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही मोठ्या प्रमाणावर आढळली. ती सहा गावे म्हणजे कळंब नव्हे, आणि एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे चिकटवू नये, हे याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात बजावले आहे. तरीही पालेभाजी, फळ आणि दूध ही यादी पुन्हा वाचा आणि महामार्गावरून पुण्यामुंबईकडे निघालेले टेम्पो आठवा. बाजारासाठी गाव जे जे सोडून देते, नेमके तेच.

आता विद्यापीठाविषयी. या विषयाचे शिक्षण आपल्याकडे गृहविज्ञानाच्या दारातून आले. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापलेले महिला विद्यापीठ, पुढचे एसएनडीटी. मुंबईतले निर्मला निकेतन. परभणीच्या कृषी विद्यापीठातले गृहविज्ञान महाविद्यालय. या संस्थांतून निघालेल्या मुलींना ‘स्वयंपाकाची डिग्री’ म्हणून बरेच टोमणे ऐकावे लागले. कृषी विद्यापीठांत आता गृहविज्ञानाला सामुदायिक विज्ञान म्हणतात. नाव बदलले हे ठीकच, पण जुन्या नावाची लाज बाळगायचे कारण नाही. चुलीपाशी काय चालते हे ज्याला कळत नाही, त्याला तालुक्याचे पोषणही कळणार नाही. मुलग्यांनीही हे वाचताना मनात ठेवावे. अभ्यासक्रमात जीवरसायन येते, तसे साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र आणि संवादही येतो. पुढे कुणी बालविकास प्रकल्प अधिकारी होते, कुणी संशोधनात जाते, कुणी संस्थांबरोबर काम करते. वाट कुठलीही असो, पहिली पायरी मोजण्याची.

मोजणे म्हणजे वजनकाटा, उंचीचे माप आणि दंडाला गुंडाळायची एक पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. पट्टी लावायला अर्धे मिनिट लागते, पण ती घट्ट ओढली की मूल ‘कुपोषित’ होते आणि सैल सोडली की ‘बरे’ होते. वय काढायला त्याहून जास्त वेळ लागतो. जन्मदाखला नसेल तर ‘आखाडात झालं, त्या साली नदीला मोठा पूर आला होता’ यावरून महिना काढावा लागतो. वय दोन महिन्यांनी चुकले तर वाढीच्या आलेखावरचा ठिपका भलत्याच पट्ट्यात जाऊन पडतो.

खाण्याची मोजणी याहून अवघड. गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले हे आठवून सांगायला लावणे, ही सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत. पण ‘अर्धी भाकरी’ म्हणजे किती? बाजरीची की ज्वारीची, कोणाच्या हातची? ‘एक पळी कालवण’ म्हणजे पळी केवढी, आणि त्यात डाळ किती, पाणी किती? म्हणून विद्यार्थ्याने घरातलीच वाटी, पळी, तांब्या मागून घ्यावा आणि मोजून ग्रॅम काढावेत. मग हैदराबादच्या संस्थेने २०१७ मध्ये काढलेली कोष्टके उघडावीत. त्यांत ५२८ पदार्थांचे पृथक्करण आहे. तरीही डोंगरात पहिल्या पावसानंतर उगवणारी एखादी रानभाजी त्यात सापडेलच असे नाही, आणि ती न सापडली म्हणून ती खाल्लीच गेली नाही असे लिहायचे नाही. दिवसही पाहावा. एकादशीला, श्रावणात, आठवडे बाजाराच्या संध्याकाळी, जत्रेच्या दिवशी ताट वेगळे असते. डोंगरवस्तीत दिवाळीनंतर भात घरात असतो. आषाढ-भाद्रपदात कणगी रिकामी होते. जानेवारीत केलेले सर्वेक्षण वर्षभराचे म्हणून छापणे हे या विषयातले मोठे पाप.

मोजणीतून निसटणारी माणसे ही आणखी एक गोष्ट. गळिताच्या हंगामात ऊसतोड टोळ्या या पट्ट्यात येतात. पाचटाच्या खोप्यांत राहणारी त्यांची मुले त्यांच्या गावच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि इथल्या फडात हिंडत असतात. दोन्हीकडच्या वहीत त्यांचे वजन नसते. आकडेवारी सुधारलेली दिसली, की कोण मोजायचे राहिले हे आधी विचारावे.

हे विचारायचे कारण राज्याचे आकडेच आहेत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी, आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात खुज्या मुलांचे प्रमाण ३४.४ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात सुधारणा थबकली, उलट प्रमाण किंचित वाढले. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी नव्वदच्या दशकात महाराष्ट्राला खडबडून जागे केले होते आणि २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले तेव्हा आपण देशात पुढे होतो. ती चाल पुढे मंदावली का, हा एम.एस्सी.च्या नव्हे, दहा पीएच.डीं.चा विषय आहे.

योजनांची तोंडओळखही लागेल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोचला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन शासनावर घातले. राज्याच्या आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे: मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी. कागदावर हे दोन ओळींत मावते. प्रत्यक्षात सरपण किंवा गॅस कोणी आणायचा, महागाईत दर परवडतो का, खुरपणीला गेलेली माता दुपारी अंगणवाडीत येणार कशी, डबा घरी नेला तर तो किती जणांत वाटला जातो, हे सगळे सेविका आणि मदतनीस रोज सोडवत असतात. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे ‘माहिती गोळा करायला’ जाऊ नये, शिकायला जावे. त्यांना ताई म्हणावे, पटाच्या वह्या त्यांच्या सोयीने पाहाव्यात आणि निघताना आपण काय लिहून घेतले ते वाचून दाखवावे.

पोषणाची कामे पोषणाच्या खात्यातच होतात असे नाही, हे शेवटच्या प्रकरणाचे म्हणणे. त्यातले उदाहरण डिंभ्याचे आहे. धरणात जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवून सहकारी संस्था उभी केली, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पिके घेतली, आणि पडकई करून, म्हणजे एकमेकांच्या मदतीने उतारावर बांध घालून, भाताची खाचरे काढली. ‘शाश्वत’ला २०१२ चा आंतरराष्ट्रीय इक्वेटर पुरस्कार मिळाला. तो पर्यावरण आणि उपजीविकेच्या कामासाठी होता. पण ज्या घरात मासा आणि भात वाढला, तिथे पोषणाच्या अभ्यासकाने आपली वही उघडायला हवी. पाणी, जमीन, मजुरी, पाळणाघर, हमीभाव यांतली कोणती दोरी ओढली की ताट बदलते, हे त्याने दाखवून द्यायचे.

पुस्तकातले स्वाध्याय क्रमाने करावेत. पहिला सगळ्यांत सोपा वाटेल आणि सगळ्यांत जास्त चुकेल. या भागातल्या एका घराची परवानगी घेऊन एक दिवस त्या घरात जे शिजले त्याची नोंद करायची आहे. बहुतेक विद्यार्थी घरच्या बाईला विचारतात, ‘काकू, आज काय केलं होतं?’ त्या सांगतात: भाकरी, वांग्याचे कालवण, डाळ, भात. तेवढे लिहून विद्यार्थी उठतो आणि ते तिचेही खाणे म्हणून कोष्टकात भरतो. पण केले काय आणि तिच्या वाट्याला आले काय, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सासरे जेवले, नवरा जेवला, पोरे जेवली, पाहुणा आला. पातेल्याच्या तळाशी रस्सा उरला आणि टोपल्यात सकाळची शिळी भाकरी. ती बसते तेव्हा बहुधा पाहुण्यांची उठायची वेळ झालेली असते.

तेव्हा घाई करू नका. शेवटची एसटी चुकली तरी हरकत नाही. ती जेवायला बसेपर्यंत थांबा, आणि मग लिहा.